बीजक

"कोण कर्नल?" आईने आतल्या खोलीतून विचारलं.

मी फोनवर भाच्याला सांगत होते की अरे, स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक' आलंय, आणि आईचा सगळा जन्म गेलाय लष्करात. लष्कर म्हणजे आमच्या ग्वाल्हेरचा एक भाग, मिलिटरी नव्हे. पण सुरुवात खरंच छावणीची, १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला तो उठलाच नाही, तंबू गेले, वाडे आले, नाव तेवढं राहिलं. तर आईच्या लेखी कर्नल म्हणजे एक तर रिटायर झालेला नाहीतर गोरा. "अगं कॉम्प्युटरमधला," मी ओरडले. "मग तो कशाला घाबरला?" आई म्हणाली आणि परत रजईत शिरली. (कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या सिस्टिमचा गाभा, आणि पॅनिक म्हणजे तो अडून बसणं.) मला तेव्हा हसू आलं, पण पुढचे दीड-दोन दिवस मी नेमकं हेच शोधत होते की तो कशाला घाबरला.

१७ जानेवारी होती. आमच्याकडे जानेवारीत धुकं असं उतरतं की गल्लीतला समोरचा दिवासुद्धा दुसऱ्या गावातला वाटतो, आणि माझं सगळं काम नेमकं याच दिवसांत तुंबलेलं असतं. मी जीएसटीचं काम करते. बाड्याच्या, म्हणजे आमच्या बाजारचौकाच्या, आसपासचे वीस-बावीस दुकानदार, कापडवाले, भांडीवाले, एक गजकवाला (गजक म्हणजे तिळाची मिठाई), यांची बिलं माझ्याकडे येतात, कधी पीडीएफमध्ये, कधी व्हॉट्सॲपवर तिरक्या फोटोत, कधी चक्क पिशवीतून. महिन्याच्या २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, गेलं पाहिजे नाहीतर लेट फी, आणि लेट फीचा आकडा दुकानदाराला स्वतःच्या मुलाच्या मार्कांपेक्षा जास्त लक्षात राहतो.

आता या सगळ्यांचे पॅन नंबर, बँकेची स्टेटमेंटं, पोर्टलचे पासवर्ड, सगळं माझ्या एका लॅपटॉपवर. म्हणून चार वर्षांपूर्वी भाच्याने त्यावर उबंटू (विंडोजसारखीच, पण वेगळी सिस्टिम) टाकून दिलं तेव्हा विचारलं, मावशी, डिस्क एन्क्रिप्ट करू ना? मी म्हटलं कर की, जसं काही तो विचारतोय डब्याला झाकण लावू का. तेव्हा तो फार गंभीर चेहरा करून म्हणाला होता की पासफ्रेज विसरलीस तर ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही हं. मी नाही विसरले. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण नंतर ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने पहिलं हेच विचारलं, पासवर्ड विसरलात का? नाही हो. पासवर्ड माझ्या जिभेवर होता, पूर्ण वेळ होता. विचारणाराच नव्हता कुणी.

झालं असं. संध्याकाळी अपडेट करायला घेतलं तर मशीन म्हणालं की बूटवाल्या, म्हणजे मशीन सुरू व्हायच्या, भागात जागा नाही. एन्क्रिप्टेड डिस्क असली ना, तर सुरुवातीचा एक छोटा तुकडा कुलपाबाहेर ठेवावा लागतो, का ते पुढे सांगते, माझ्याकडे तो सातशे एमबीच्या आसपासचा होता. त्यात प्रत्येक अपडेटला एक नवीन कर्नल येऊन बसतो, सोबत त्याची शंभर-एक एमबीची गाठोडी, आणि जुने पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत. शिवाय हे गाठोडं नव्याने बांधताना ते आधी नवं पूर्ण लिहितं आणि मगच जुनं काढतं. म्हणजे नवं कपाट आत आणल्याशिवाय जुनं बाहेर काढायचं नाही असा हट्ट, मग तेवढा वेळ दोन्ही मावतील इतकी जागा पाहिजे. ती नव्हती.

मी काय करावं? मी शहाणी. आत गेले आणि जुन्या कर्नलच्या फाइली हाताने उडवल्या. आरएम, म्हणजे पुसून टाक, एंटर. रीतसर एपीटीला, म्हणजे प्रोग्राम घालणाऱ्या-काढणाऱ्या कारभाऱ्याला, सांगून काढायच्या असतात हे मला माहीत होतं, अगदीच अडाणी नाही मी, पण कणकेचे हात धुवायचे होते, घाई होती, म्हटलं तीच तर गोष्ट आहे, सरळ उडवू. मग परत अपडेट लावलं, ते सुरू झालं, ओळी पळायला लागल्या, आणि लाईट गेली.

लॅपटॉपची बॅटरी आमच्याकडे शोभेची आहे. दोन वर्षं झाली, वायर काढली की प्राण जातो. तसा गेला.

लाईट आली तेव्हा मशीन सुरू केलं तर काळी स्क्रीन, पांढऱ्या ओळींची माळ, शेवटी ते कर्नल पॅनिक आणि त्याच्या आधी 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक', कंसात शून्य, स्वल्पविराम, शून्य, म्हणजे मुख्य डिस्क जोडताच येत नाही. मेनूत जाऊन जुना कर्नल निवडला. ही खरं तर पहिली आणि सगळ्यात सोपी युक्ती आहे, मशीन अडलं की मेनूत जा आणि कालचा कर्नल निवड, दहातल्या आठ वेळा काम होतं. तर तिथे उत्तर आलं की फाइल सापडत नाही, आधी कर्नल लोड करा. बरोबर आहे, फाइल मीच उडवली होती. मेनूला तो निरोप गेलेला नव्हता, त्यामुळे पाटीवर नाव आहे नि खोलीत माणूस नाही.

त्या शून्य-शून्यावर मात्र मी बराच वेळ बघत बसले. कारण किल्ल्यावर जाताना वाटेत ते चतुर्भुजाचं छोटंसं देऊळ लागतं, एकाच खडकात कोरलेलं, तिथल्या शिलालेखात शून्य आहे, साल ८७६. शाळेच्या सहलीत आम्हाला बाई दाखवायच्या, हे बघा, बागेची लांबी २७० हात आणि देवाला रोज ५० माळा, त्यातलं शून्य बघा, केवढंसं गोल. आम्ही बघायचो आणि डबा कधी खायचा विचारायचो. आता हे (०,०) म्हणजे कर्नल सांगतोय की मला डिस्क दाखवा म्हणालात, मी हात पुढे केला, तिथे काहीच नाही. मोठा अंक शून्य, छोटा अंक शून्य, म्हणजे उपकरणच नाही. डिस्क तर आत आहे, स्क्रू लावून बसवलेली. पण त्याच्या लेखी शून्य.

मग सकाळी मी आणखी एक शहाणपणा केला, लॅपटॉप घेऊन बाजारातल्या रिपेअरवाल्याकडे गेले. दुकानाचं नाव सांगत नाही, माणूस भला आहे, माझे दोन चार्जर त्यानेच दिलेत. त्याने बघितलं, "मॅडम, बूटलोडर उड़ गया," म्हणाला, आणि डिस्क काढून आपल्या विंडोजच्या मशीनला जोडली. लगेच एक खिडकी उघडली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? विंडोजला ही कुलपाची भाषा येत नाही, त्याला तो भाग कोरा कागदच वाटतो, आणि कोरा कागद म्हटला की लगेच शाई ओतू का विचारतं. त्याचा माउस त्या 'हो'कडे निघाला होता. सवयीने हो, वाईट हेतूने नाही. मी अक्षरशः त्याचं मनगट धरलं. ग्वाल्हेरात भर बाजारात परपुरुषाचं मनगट धरायची माझी ही पहिलीच वेळ, तो दचकून मागे सरकला, त्याचा पोऱ्या चहा घेऊन येत होता तो दारातच थांबला.

"डेटा चाहिए क्या?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, भैया, फक्त डेटाच पाहिजे. डिस्क परत बसवून घेतली, त्याच्या वेळेचे पैसे दिले आणि घरी आले. येताना हात थरथरत होते ते थंडीने की कशाने देव जाणे.

तो 'हो' दाबला गेला असता तर काय झालं असतं हे रात्री भाच्याने समजावलं, आणि ते ऐकून मला दुसऱ्यांदा घाम फुटला. आपण समजतो की पासफ्रेजने डिस्क कुलूपबंद होते. तसं नसतं. डिस्क बंद होते एका वेगळ्याच किल्लीने, लांबलचक, यंत्राने बनवलेली, कुणी कधी डोळ्यांनी न बघितलेली. ती किल्ली डिस्कच्याच सुरुवातीला एका पेटीत ठेवलेली असते आणि आपली पासफ्रेज उघडते ती फक्त पेटी. त्या सुरुवातीच्या भागाला हेडर म्हणतात, हल्लीच्या पद्धतीत तो सोळा एमबीचा असतो. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये सोळा एमबी म्हणजे पोत्यातला चिमूटभर तांदूळ. पण फॉरमॅट नेमकं तिथेच, सुरुवातीलाच लिहितं. पेटी गेली की पासफ्रेज बरोबर असून उपयोग शून्य, आत सगळा डेटा जागच्या जागी असून उपयोग शून्य. (परत शून्य. आमच्या गावाचं हे नशीबच आहे.)

हे ऐकताना मला आजी आठवली. बाबांची आई. आमच्या लहानपणी दौलतगंजातल्या घरी लाईट गेली की ती गंगाजळीची गोष्ट सांगायची, आणि लाईट तेव्हा रोज जायची त्यामुळे गोष्ट पाठ. मराठी पेपरात हल्ली परकीय चलनाची गंगाजळी वाढली, घटली असं छापून येतं ना, ती गंगाजळी ग्वाल्हेरच्या माणसाला वेगळी ऐकू येते. आमच्याकडे गंगाजळी म्हणजे शिंद्यांचा खजिना, किल्ल्याच्या पोटातल्या तळघरांत, दुष्काळ पडला, लढाई आली तर काढायचा म्हणून पिढ्यानपिढ्या साठवलेला. आणि तिथे पोचायचं कसं याची जी खूण, जो सांकेतिक शब्द, त्याला म्हणायचे बीजक. बीजक फक्त गादीवरच्या महाराजांना ठाऊक. ते आपल्या वारसाला सांगणार, तो त्याच्या.

जयाजीराव महाराज १८८६ मध्ये वारले, माधवराव तेव्हा नऊ वर्षांचे. बीजक सांगायचं राहून गेलं. इथे आजी थांबायची, कंदिलाची वात वर करायची, आणि म्हणायची, "आणि वर किल्ल्यावर इतकी वर्षं कोण बसलं होतं? इंग्रज!" हे मात्र इतिहासातलं आहे, १८५८ पासून किल्ला इंग्रजांकडे होता आणि १८८६ मध्येच झाशीच्या बदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला. म्हणजे किल्ला हातात आला आणि बीजक गेलं, एकाच वर्षी. पुढे काही भाग योगायोगाने सापडला म्हणतात, कुणी म्हणतं सगळा नाही सापडला, आजीच्या गोष्टीत तर तो दर वेळी थोडा थोडा अजून आतच असायचा.

लहानपणी मला वाईट वाटायचं ते जयाजीरावांचं, की बिचाऱ्यांना सांगायला वेळच मिळाला नाही. त्या रात्री, पायावर शाल, कानाला फोन, समोर काळी स्क्रीन, मला पहिल्यांदा वाटलं की याच्या उलटही होऊ शकतं. बीजक पाठ असलेला माणूस जिवंत आहे, धडधाकट आहे, खजिन्याच्या तोंडाशी उभा आहे, आणि दारावर शब्द विचारणारा जो एक माणूस असतो तोच बेपत्ता.

आता तो विचारणारा कोण, ते सांगते, कारण माझं सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. कुलूप उघडायला एक प्रोग्राम लागतो. तो प्रोग्राम असतो डिस्कवर. डिस्क कुलपात. झालं, किल्ली कपाटात आणि कपाट बंद. यावर उपाय काय केलाय तर जुन्या वाड्यासारखी देवडी ठेवलीये. आमच्या दौलतगंजातल्या वाड्याला देवडी होती, मोठ्या दरवाज्याच्या आत दोन्ही बाजूंना ओटे, तिथे पूर्वी पहारेकरी बसायचे, माझ्या लहानपणी सायकली असायच्या. बाहेरचा माणूस देवडीपर्यंत येऊ शकतो, तिथे त्याला विचारतात कोण, कुणाकडे, आणि मग आत सोडतात. कॉम्प्युटरमध्ये तो जो कुलपाबाहेरचा सातशे एमबीचा तुकडा, ती देवडी. बूटलोडर, म्हणजे ग्रब, हा रस्त्यावरचा माणूस, त्याचं काम एवढंच की कर्नलला हात धरून देवडीत आणायचं आणि त्याच्या हातात ते गाठोडं द्यायचं. गाठोड्याचं नाव इनिटरामएफएस, नाव असं की जीभ दुखते, पण आत असतो एक चिमुकला संसार, चार भांडी, दोन वाट्या, आणि कुलूप उघडायचा तो प्रोग्राम. कर्नल ते मेमरीत उलगडतो, त्यातला पहारेकरी आपल्याला पासफ्रेज विचारतो, खरा दरवाजा उघडतो, आणि मग हा छोटा संसार गुंडाळून सगळे आत राहायला जातात.

माझं गाठोडं बांधता बांधता लाईट गेली होती. ग्रबने कर्नलला बरोबर देवडीत आणलं, पण हातात गाठोडंच नाही, त्यामुळे पहारेकरी नाही, प्रोग्राम नाही, समोर फक्त भिंत. आईच्या प्रश्नाचं उत्तर हे. म्हणून घाबरला तो. आणि बाजारात, घरात, फोनवर आम्ही सगळे शिव्या देत होतो बूटलोडरला, ज्याने बिचाऱ्याने आपलं काम अगदी नीट केलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच.

शेजारच्या मुलाच्या मशीनवर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू चढवून आणलं. लाईव्ह यूएसबी म्हणजे तरी काय, लष्करच, तात्पुरती छावणी टाकायची आणि तिथून किल्ल्याची डागडुजी करायची. त्यात पहिल्याच स्क्रीनवर 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' अशी दोन बटणं शेजारी शेजारी ठेवलीत. इन्स्टॉलच्या वाटेवर पुढे डिस्क पुसण्याचा पर्याय येतो. रात्री साडेदहाला झोपाळलेल्या माणसासमोर ही दोन बटणं इतकी जवळ ठेवणाऱ्याला एकदा आमच्या रिपेअरवाल्याकडे बसवलं पाहिजे.

ट्राय. टर्मिनल. डिस्कचे तीन तुकडे दिसले, एक छोटा ईएफआयचा (मशीन सुरू होताना लागतो तो), दुसरी देवडी, तिसऱ्यापुढे लिहिलेलं क्रिप्टो लक्स, लक्स म्हणजे या कुलपाची पद्धत. ते क्रिप्टो लक्स बघून मला जे काय वाटलं ते सांगता येत नाही, म्हणजे हेडर शाबूत होतं. भाचा म्हणाला, मावशी, आता क्रिप्टसेटअप ओपन (क्रिप्टसेटअप म्हणजे कुलूप उघडायचा तोच प्रोग्राम), मग तुकड्याचं नाव, एसडीए-थ्री, आणि मग उघडल्यावर त्याला काय म्हणायचं ते एक नाव दे. काय नाव देऊ? काहीही दे. मी दिलं 'खजिना'. इंग्रजी अक्षरांत अर्थात.

आणि त्याने विचारलं. पासफ्रेज. चोवीस तासांत पहिल्यांदा मला कुणीतरी पासफ्रेज विचारली. मी टाइप केली, एक-दोन सेकंद काहीच झालं नाही. ते दोन सेकंद मुद्दाम ठेवलेले असतात बरं का, मशीन संथ म्हणून नव्हे. पासफ्रेजवरून पेटीची किल्ली बनवायचं गणितच असं वेळखाऊ आणि मेमरीखाऊ केलंय की चोराने लाखो शब्द एकामागून एक लावून बघायचे म्हटले तर त्याचं आयुष्य जावं. प्रामाणिक माणसाला दोन सेकंद, चोराला जन्म. मला ही व्यवस्था फार आवडली, सरकारी ऑफिसात नेमकं उलटं असतं.

उघडलं. फोल्डर दिसले. 'डिसेंबर विक्री', 'डिसेंबर खरेदी', 'गजकवाले उधारी'. आधी काही न करता सगळं दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं, भाच्याने बजावलंच होतं की दुरुस्ती नंतर, आधी सामान बाहेर. खरं तर तिथेच थांबता आलं असतं. डेटा हातात आला होता, रिटर्न शेजारच्या मशीनवरून भरता आले असते. पण आता मला हट्टच पेटला होता.

मग ती नेहमीची पूजा, उघडलेली डिस्क जागेवर माउंट करायची, देवडी तिच्या जागी, ईएफआय त्याच्या जागी, चारपाच सिस्टिम फोल्डर जोडून द्यायचे, आणि क्रूट करून आत शिरायचं, म्हणजे छावणीतून उठून वाड्यात जाऊन बसायचं, जणू आपण वाड्यातूनच बोलतोय. आत गेल्यावर अर्धवट राहिलेली इन्स्टॉलेशन पुरी केली, जुने कर्नल यावेळी रीतसर एपीटीने काढले, कान पकडून. मग गाठोडं नव्याने बांधलं. बांधताना एक ओळ आली, वॉर्निंग म्हणून, की 'खजिना' नावाचं काही क्रिप्टटॅबमध्ये सापडलं नाही. मी भाच्याला वाचून दाखवली. तो पुण्यात, रात्रीचे साडेबारा, सकाळी त्याचं ऑफिस, म्हणाला वॉर्निंगच आहे ना, एरर नाही ना, जाऊ दे. मीही जाऊ दिलं. मेनू ताजा केला, रीबूट.

पॅनिक नाही! कर्नल शांत. मी ओरडलेच जवळजवळ. मग अर्धा मिनिट, पाऊण मिनिट काहीच नाही, आणि ओळ आली की रूट सापडत नाही, शेलमध्ये सोडतोय, आणि खाली कंसात इनिटरामएफएस लिहून कर्सर लुकलुकत बसला. पासफ्रेज विचारलीच नाही.

म्हणजे बघा, आता गाठोडं होतं, भांडीकुंडी होती, पहारेकरीही होता. पण त्याला वाड्याच्या आतल्या दाराला कुलूप आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा उघड्या दाराची वाट बघत उभा राहिला, आणि दार काही आपण होऊन उघडेना.

भाचा झोपला होता. मी त्या वॉर्निंगचा फोटो काढून ठेवला होता (बिलांची सवय, काहीही दिसलं की फोटो), तो मोठा करून परत वाचला, आणि मग माझ्या डोक्यात जो उजेड पडला तो कॉम्प्युटरचा नव्हता, हिशेबाचा होता. समजा बँकेत पैसे आले श्री अमुक ट्रेडर्सकडून, आणि माझ्या वहीत खातं आहे अमुक अँड सन्स नावाने. पैसे खरे, माणूस तोच. पण नाव जुळलं नाही तर एंट्री जाते सस्पेन्सला, म्हणजे न जुळलेल्या रकमांच्या खात्यात, आणि वर्षअखेरीला त्या सस्पेन्सच्या पायी रडायची वेळ येते. इथेही तेच. क्रिप्टटॅब ही वही. चार वर्षांपूर्वी इन्स्टॉल करताना तिच्यात या कुलपाचं खातं उघडलेलं होतं, कुठल्यातरी नावाने. मी मात्र दार उघडलं 'खजिना' म्हणून. गाठोडं बांधणाऱ्याने बघितलं, हे आत जे उघडं आहे त्याचं नाव खजिना, वहीत खजिना नावाचं कुणी नाही, मग मी कुलपाचं सामान कशाला बांधू? आणि त्याने ते बाहेरच ठेवलं. चूक नव्हती त्याची. त्याने तर सांगितलंसुद्धा, मीच म्हटलं जाऊ दे.

परत छावणी, परत पासफ्रेज. आधी नुसतं उघडून वही वाचली, आत लिहिलेलं होतं एसडीए-थ्री-अंडरस्कोर-क्रिप्ट. इतकं रुक्ष नाव, गंगाजळीला कुणी 'गोडाऊन नंबर तीन' म्हणावं तसं. सगळं बंद केलं, आणि याच नावाने पुन्हा उघडलं, पुन्हा माउंट, पुन्हा क्रूट, पुन्हा गाठोडं. यावेळी वॉर्निंग नाही. गाठोड्यात काय काय बांधलंय त्याची यादी बघता येते, ती बघितली, क्रिप्टसेटअप होतं त्यात. रीबूट. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, बाहेर धुक्यात रेल्वेचा भोंगा किती तरी वेळ वाजत होता.

प्लीज अनलॉक डिस्क एसडीए-थ्री-अंडरस्कोर-क्रिप्ट.

किती साधं वाक्य. मी टाइप केलं नाही लगेच. जरा वेळ त्याला विचारू दिलं.

१९ तारखेला सगळे रिटर्न गेले. संध्याकाळी भाच्याचा फोन, मावशी, सॉरी, ती वॉर्निंग. मी म्हटलं राहू दे रे, पण आता मला सांग, मी मेले तर? तो गडबडला. अरे, खरंच विचारतेय, वीस दुकानदारांची कागदपत्रं आहेत यात, मी मेले तर हे उघडणार कोण? आमच्याकडे एक पत्र्याची ट्रंक आहे, पणजोबांच्या वेळचे मोडीतले कागद, रुमालात बांधलेले. त्याला कुलूप नाही, कडीसुद्धा मोडलेली. पण आजोबा गेल्यावर ते वाचणारं घरात कुणी उरलं नाही, आणि आता दर दिवाळीला आम्ही ते उन्हात घालतो नि परत ठेवतो. मला माझ्या लॅपटॉपची ट्रंक करायची नव्हती.

तेव्हा त्याने सांगितलं की त्या पेटीला एकच कुलूप लागतं असं थोडंच आहे. लक्सच्या जुन्या पद्धतीत आठ जागा असतात, नव्या पद्धतीत बत्तीसपर्यंत, प्रत्येक जागेत वेगळी पासफ्रेज, सगळ्या एकच आतली किल्ली उघडतात. कुणाला एक दिली आणि उद्या पटेनासं झालं तर तेवढीच काढून टाकायची, बाकीच्यांना धक्का नाही. जयाजीराव महाराजांना कुणी हे सांगायला हवं होतं. बत्तीस सरदार नको, निदान दोन तरी. आणि हेडरची एक प्रत काढून वेगळी ठेवायची, तीही काढली, पेनड्राइव्ह डबीत, डबी गोदरेजच्या कपाटात, कपाटाची किल्ली आईच्या कमरेला, जिथे ती माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. फक्त पुढे कधी एखादी पासफ्रेज बदलली तर जुनी प्रत मोडायची, कारण जुन्या प्रतीत जुनी पासफ्रेज चालत राहते.

दुसरी पासफ्रेज कुणाची? घरात मी आणि आई. आईला सांगितलं, तू एक लांब वाक्य ठरव, जे तू विसरणार नाहीस आणि कुणाला सुचणार नाही. देवाचं नाव नको, माझं नाव नको, जन्मतारीख नको. ती दोन दिवस विचार करत होती, पोळ्या लाटतानासुद्धा. मग एका सकाळी कागद घेऊन आली. वाक्य मी इथे लिहिणार नाही हे उघड आहे, एवढंच सांगते की त्यात एक लोणचं आहे, आणि कुणाचं तरी मापात फसणं आहे. अडचण आली ती इंग्रजी अक्षरांची. 'ळ' कसा लिहायचा यावर आमचं अर्धा तास भांडण झालं, एल एकदा की दोनदा. आईने शाळेत इंग्रजी शिकली ती सगळी मोठी लिपी, त्यामुळे पासफ्रेजही सगळी मोठ्या अक्षरांत, कॅप्सलॉक लावून. कागद तिने देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या खाली ठेवला.

"आता मी उघडून बघू?" आई म्हणाली.

मी मशीन सुरू केलं. ओळ आली, प्लीज अनलॉक डिस्क. आई चष्मा लावून बसली, एका बोटाने एक एक अक्षर, प्रत्येक अक्षरानंतर स्क्रीनकडे बघायची की उमटलं का, आणि तिथे तर काही उमटत नाही मुद्दाम, नुसते ठिपके. पहिल्यांदा चुकलं. चुकलं की ते सगळ्या जागा तपासून बघतं, म्हणून जास्त वेळ घेतं, आईला वाटलं बिघडलं. परत टाइप केलं, यावेळी 'ळ'ला दोन एल. दोन सेकंद. मग उजेड झाला, माझा डेस्कटॉप आला, किल्ल्याचा फोटो लावलेला.

आई बराच वेळ बघत होती. मग फोल्डरकडे बोट करून म्हणाली, "एवढा पहारा बसवून राहिलीस, आत ठेवलंयस काय?"

मी डिसेंबर विक्रीचं फोल्डर उघडून दाखवलं. पहिलीच पीडीएफ भांडीवाल्यांची होती, हिंदीत छापलेली, वर ठसठशीत मथळा, कर-बीजक. आईने चष्म्याच्या वरून वाचलं.

"ही सगळी बीजकं?"

"तीनशे बारा," मी म्हटलं.